चपलेच्या वर

इंग्रजी भाषेत काही शब्द असे आहेत की त्यांचा जन्म, बालपण आणि म्हातारपण सगळे शब्दकोशातच जाते. चारचौघांत त्यांना कोणी नेत नाही. 'अल्ट्राक्रेपिडेरियन' हा त्यांपैकी एक. कवळी लावणाऱ्यांनी तो उच्चारण्यापूर्वी वैद्यकीय सल्ला घ्यावा अशा बांध्याचा हा शब्द आहे. त्याचा अर्थ मात्र कोणत्याही मंगल कार्यालयात जेवणाच्या पहिल्या पंगतीला बसलेला सापडतो. ज्या विषयातले आपल्याला ओ की ठो कळत नाही, त्या विषयावर छाती काढून मत देणारा माणूस म्हणजे अल्ट्राक्रेपिडेरियन.

यावर मराठी वाचक म्हणेल, मग आमचा उंटावरचा शहाणा काय वाईट आहे? वाईट काहीच नाही, पण दोघांच्या जातकुळीत फरक आहे. उंटावरच्या शहाण्याला कोणत्याच विषयातले कळत नाही. खाली उतरायचे नाही आणि सल्ला दिल्याशिवाय राहायचे नाही, एवढेच त्याचे भांडवल. अल्ट्राक्रेपिडेरियन मात्र आपल्या विषयात खरोखर तयार असतो. हाडांचा निष्णात डॉक्टर नव्या उड्डाणपुलाचा खांब कुठे चुकला ते सांगतो. पूल बांधणारा इंजिनियर समोरच्याच्या हृदयाच्या झडपांविषयी बोलतो. आणि दोघांचे प्राप्तिकराचे विवरणपत्र भरून देणारा सीए त्या दोघांना वानखेडेची खेळपट्टी तिसऱ्या दिवशी कशी वळणार ते समजावतो. तिघेही सोमवारी आपापल्या कामावर गेले की पुन्हा अत्यंत जबाबदार माणसे होतात. रोग फक्त हद्द ओलांडल्यावर दिसतो.

हद्द कुठली, तर चपलेची. लॅटिनमध्ये 'क्रेपिडा' म्हणजे ग्रीक घाटाची चप्पल आणि 'उल्ट्रा' म्हणजे पलीकडे. चपलेपलीकडे गेलेला तो अल्ट्राक्रेपिडेरियन. ही चप्पल कोणाची, याची गोष्ट इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन ग्रंथकार थोरल्या प्लिनीने लिहून ठेवली आहे. त्याने ती सांगितली तेव्हा ती चारशे वर्षे जुनी होती.

ॲपेलीज हा सिकंदराच्या काळातला सर्वांत नावाजलेला चित्रकार. चित्र पुरे झाले की तो ते रस्त्याकडच्या ओसरीत मांडून ठेवी आणि स्वतः त्याच्या मागे लपून येणारेजाणारे काय बोलतात ते ऐकत बसे. आपल्यापेक्षा लोकांची नजर बारीक, असे त्याचे मत होते. हल्लीचे कलावंत हेच काम घरबसल्या फोनवर करतात आणि त्यांना झोप लागत नाही. एके दिवशी एक मोची आला. चित्रातल्या माणसाच्या चपलेला आतल्या बाजूने एक बंद कमी आहे, असे तो म्हणाला. ॲपेलीजने मुकाट्याने बंद रंगवला. दुसऱ्या दिवशी मोची पुन्हा तिथे हजर. आपली दुरुस्ती मान्य झाली हे पाहून त्याची कळी खुलली आणि आता तो पायाच्या पोटरीत खोट काढू लागला. तेव्हा चित्रामागून रागाने लाल झालेले तोंड बाहेर आले आणि मोच्याने चपलेच्या वर मत देऊ नये, असे त्याला सुनावण्यात आले. याची पुढे म्हण झाली, असेही प्लिनी सांगतो.

दोन हजार वर्षे ही गोष्ट मोच्याची फजिती म्हणून सांगितली जाते. पण ती नीट वाचली तर एक गोष्ट लक्षात येते. मोच्याचे पोटरीविषयीचे म्हणणे चूक होते, असे प्लिनी कुठेच म्हणत नाही. पोटरी बरोबर होती की वाकडी, याचा निकाल लागण्यापूर्वीच सभा बरखास्त झाली. आता तो लागण्याची सोयही उरलेली नाही, कारण ॲपेलीजचे एकही चित्र आज शिल्लक नाही. चपलेच्या आतल्या बाजूचा बंद ज्याला दिसतो, त्याने आयुष्यभर लोकांचे पायच हातात घेतलेले असतात. पोटरी त्याला इतरांपेक्षा दोन पैसे जास्तच कळत असेल, अशी शंका घ्यायला जागा आहे.

शंका बळावते ती प्लिनीने याच्याच जोडीला दिलेल्या दुसऱ्या किश्श्यामुळे. सिकंदर ॲपेलीजच्या चित्रशाळेत वरचेवर येत असे. आपले चित्र दुसऱ्या कोणी काढायचे नाही, असे फर्मानच त्याने काढले होते. तिथे बसून तो चित्रकलेवर बोले, आणि त्याला त्यातले काही कळत नसे. ॲपेलीजने त्याला अगदी गोडीगुलाबीने सुचवले की महाराजांनी जरा शांत बसावे, कारण रंग खलणारी पोरे हसताहेत. गुन्हा एकच. मोच्याला चपलेची हद्द दाखवण्यात आली आणि बादशहाला पोरांच्या हसण्याची सबब सांगण्यात आली. म्हण मोच्याच्या नावाने झाली. 'सिकंदराने सैन्याच्या वर मत देऊ नये' अशी म्हण कोणत्याही भाषेत नाही. वास्तविक रंग खलणाऱ्या पोरांचा निर्णय निर्विवाद होता.

आता ही गोष्ट सांगणारा प्लिनी स्वतः कोण होता? पेशाने लष्करी अधिकारी, पुढे रोमन आरमाराच्या एका ताफ्याचा प्रमुख. आणि लिहिले काय, तर ग्रहतारे, हत्ती, मधमाश्या, द्राक्षांचे वेल, औषधी मुळ्या, सोने, रत्ने, शिल्पे आणि चित्रे यांवर सदतीस भागांचा ग्रंथ. दोन हजारांच्या आसपास ग्रंथ वाचून वीस हजार माहितीच्या गोष्टी गोळा केल्याचा त्याचा दावा आहे. त्यांतली एक आपल्याविषयी आहे. भारतात म्हणे एकाच पायाची माणसे राहतात. ती उन्हाच्या वेळी उताणी पडतात आणि आपल्याच पावलाच्या सावलीत झोपतात. ही बातमी प्लिनीने क्टेसियसकडून घेतली. क्टेसियस इराणच्या दरबारात वैद्य होता आणि भारतात कधीच आला नव्हता. म्हणजे न पाहिलेल्या देशावर एका वैद्याने लिहिले, ते एका आरमार प्रमुखाने खरे मानले, आणि हद्द सोडल्याबद्दल इतिहासात बोलणी बसली ती एका मोच्याला. एक पायाच्या माणसांना चपला विकताना जोड मोडावा लागेल, ही अडचण त्या मोच्याने पहिल्या झटक्यात दाखवून दिली असती.

इसवी सन ७९ मध्ये व्हेसूव्हियसचा उद्रेक झाला, तेव्हा तो जवळून पाहायला आणि अडकलेल्यांना सोडवायला प्लिनी गलबते घेऊन गेला आणि तिथेच मेला. चपलेच्या वर जाण्याची हौस प्रामाणिक असली तरी ती कधीकधी जिवावर बेतते.

एक गंमत अशी की प्लिनीच्या मूळ वाक्यात 'उल्ट्रा' नाहीच. तिथे 'सुप्रा', म्हणजे 'वर', असा शब्द आहे. पुढच्या शतकांत लोकांनी पाठ करता करता 'वर'चे 'पलीकडे' करून टाकले आणि तेच रूढ झाले. अचूकपणाचा एवढा आग्रह धरणारी म्हण चुकीच्या पाठानेच जगभर फिरली. इंग्रजांनी तिला घरगुती रूप दिले, की मोच्याने आपल्या कलबुताला चिकटून राहावे. कलबूत म्हणजे जोडा शिवताना आत घालायचा लाकडी पाय. ही इंग्रजी म्हण शाळेच्या पुस्तकांतून आपल्याकडेही येऊन गेली. तिची खास गरज मात्र इथे कोणाला वाटली नसावी. ज्याचे काम त्याने करावे, बापाचे काम मुलाने करावे आणि नजर वर करू नये, हे सांगायला आपल्याकडे लॅटिन लागत नव्हते. ते काम जातीची उतरंड बिनबोभाट करत होती.

म्हण जुनी असली तरी शब्द तसा अलीकडचा आहे. तो छापील इंग्रजीत आला १८१९ साली. आणला विल्यम हॅझलिट या निबंधकाराने, आणि तो कोणावर फेकला हे कळल्यावर त्याची धार समजते.

विल्यम गिफर्ड १७५६ मध्ये डेव्हन परगण्यातल्या ॲशबर्टन गावी जन्मला. लहानपणीच आईबाप गेले. घरात होते नव्हते ते त्याच्या धर्मपित्याने ताब्यात घेतले. पोराला आधी किनाऱ्यालगत फिरणाऱ्या एका गलबतावर कामाला लावले आणि मग गावातल्या एका मोच्याकडे उमेदवारीला बांधून दिले. गिफर्डला त्या धंद्याचा मनापासून तिटकारा होता. त्याला गणिताचे वेड होते. त्याच्याजवळ बीजगणिताचे एक पुस्तक होते, पण ते समजायला आधीचे प्राथमिक पुस्तक लागे, आणि ते मालकाच्या मुलाकडे होते. मुलाने ते लपवून ठेवले होते. गिफर्डने लपवण्याची जागा हुडकली आणि रात्री जागून पुस्तक संपवले. कागदाला पैसे नव्हते. तेव्हा तो चामड्याचे तुकडे ठोकून गुळगुळीत करी आणि बोथट आरीने त्यांवर समीकरणे सोडवी. फावल्या वेळात कविता रचून बरोबरच्या पोरांना म्हणून दाखवी आणि त्यातून सुटणाऱ्या चार पेन्यांत कागद विकत घेई. कविता म्हणून दाखवून पैसे मिळण्याचा तो काळ होता. हल्ली श्रोत्यांना चहा पाजावा लागतो.

गावातला कुक्सली नावाचा शल्यवैद्य या कविता ऐकून चकित झाला. त्याने वर्गणी काढली, त्या पैशांतून गिफर्डच्या उमेदवारीची उरलेली मुदत विकत घेऊन त्याला मोकळे केले आणि शिकायला पाठवले. गिफर्ड ऑक्सफर्डला गेला, पदवीधर झाला, उमरावाच्या मुलाचा शिक्षक झाला, रोमन कवी जुव्हेनलचा अनुवादक झाला. १८०९ मध्ये लंडनचा प्रकाशक जॉन मरे याने 'क्वार्टर्ली रिव्ह्यू' हे त्रैमासिक काढले, तेव्हा त्याचा पहिला संपादक गिफर्ड होता. पंधरा वर्षे तो त्या खुर्चीवर बसला. आपल्या बालपणाची हकिगत त्याने जुव्हेनलच्या अनुवादाच्या प्रस्तावनेत स्वतःच लिहिली आहे. इथवर वाचून कोणालाही तो आवडावा.

पण खुर्चीवर बसल्यावर त्याने आरी खाली ठेवली नाही. ज्यांनी त्याच्या टोरी, म्हणजे राजनिष्ठ, पक्षाच्या विरुद्ध राजकारण केले, त्यांची पुस्तके क्वार्टर्लीत टोचून टोचून चाळण होऊ लागली. कोवळा कवी जॉन कीट्स याच्या 'एन्डिमियन' या दीर्घकाव्यावर १८१८ मध्ये जो लेख आला, तो तर समीक्षेच्या इतिहासात अमर आहे. लेखक होता जॉन विल्सन क्रोकर. एन्डिमियनचे चार सर्ग आहेत. क्रोकरने सुरुवातीलाच कबूल केले की आपण पहिलाच वाचला, पुढे वाचवले नाही. त्याच सुमारास 'ब्लॅकवूड्स' मासिकाने कीट्सला दुकानात परत जाऊन गोळ्या-मलमे विकण्याचा सल्ला दिला होता. कीट्सने औषधशास्त्र शिकून परवाना मिळवला होता. त्याने कलबुताला चिकटून राहावे, एवढाच त्या सल्ल्याचा अर्थ. तीन वर्षांनी कीट्स क्षयाने गेला. क्वार्टर्लीच्या लेखाने त्याचा जीव घेतला अशी बोलवा उठली आणि बायरनने त्यावर थट्टा केली. जंतूंना अजून कोणी ओळखत नव्हते, त्यामुळे संपादकांवर संशय घेण्याची पद्धत होती.

हॅझलिटची जखम निराळी होती. शेक्सपिअरच्या नाटकांतल्या पात्रांवरचे त्याचे पुस्तक १८१७ मध्ये आले आणि हातोहात खपू लागले. दुसरी आवृत्ती बाजारात आली. मग क्वार्टर्लीत लेख आला. त्यानंतर एक प्रत खपली नाही, असे प्रकाशकांनी सांगितल्याचे हॅझलिटने नोंदवले आहे. लेखक मानहानी विसरतो, पण रॉयल्टी विसरत नाही. १८१९ मध्ये त्याने गिफर्डच्या नावाने एक लांबलचक अनावृत पत्र पुस्तिका म्हणून छापले. इंग्रजीतल्या शिवीगाळीचा तो एक उत्तम नमुना आहे, कारण त्यात एकही अपशब्द नाही. खोटे बोलण्याची तुमची खोड घालवण्यासाठी हे लिहितो आहे, अशा थाटात तो सुरुवात करतो आणि मग पानोपानी खोड घालवत जातो. त्याच ओघात तुम्हाला 'अल्ट्राक्रेपिडेरियन समीक्षक' म्हटले गेले आहे ते योग्यच आहे, असे तो म्हणतो.

'म्हटले गेले आहे' या शब्दांवरून वाटते की हा टोला मूळ कुठल्यातरी बैठकीत कोणीतरी हाणला असावा आणि हॅझलिटने तो उचलून छापला. कोणाचा का असेना, पण घडण पाहण्यासारखी आहे. चप्पल ही गिफर्डच्या जुन्या धंद्यावर. चपलेपलीकडे हे त्याच्या साहित्यातल्या लुडबुडीवर. आणि 'उल्ट्रा' या अक्षरांत तिसरी खोच. त्या वर्षांत फ्रान्समध्ये राजापेक्षाही जास्त राजनिष्ठ असलेल्या मंडळींना 'उल्ट्रा' म्हणत, आणि गिफर्ड तर कट्टर टोरी. एका शब्दात माणसाची जात, कुवत आणि पक्ष काढण्याची ही किमया आहे.

कीट्सला हे पत्र इतके आवडले की अमेरिकेत गेलेल्या आपल्या भावाला लिहिताना त्याने त्यातले उतारेच्या उतारे हाताने उतरवून पाठवले. टपालखर्च पानावर मोजला जाण्याच्या दिवसांत दुसऱ्याची शिवीगाळ फुलस्केपभर उतरवणे ही मोठी दाद होती. चार वर्षांनी, १८२३ मध्ये, ली हंट याने 'अल्ट्रा-क्रेपिडेरियस' याच नावाचे एक उपहासकाव्य गिफर्डवर छापले. देवांचा दूत मर्क्युरी आणि त्याचे पादत्राण यांना त्याने कामाला लावले आहे. म्हणजे शब्द जन्मल्याबरोबर त्याचे बारसे, मुंज आणि लग्न चार वर्षांत उरकले. त्यानंतर त्याला फारसे कोणी बोलावले नाही.

इथे हॅझलिटच्या बाजूने मन थोडे चुळबुळते. हा माणूस जहाल लोकशाहीवादी. जन्माने मिळणाऱ्या मोठेपणाचा त्याला संताप. फ्रेंच राज्यक्रांतीवर त्याने शेवटपर्यंत जीव टाकला. आणि शत्रूवर फेकायला त्याच्या हाताला काय लागले, तर त्याचा गरिबीतला धंदा! गिफर्ड वाईट समीक्षक होता, कारण तो पक्षासाठी खोटे लिहून घेत असे. तो कधीकाळी जोडे शिवत होता याचा त्याच्याशी संबंध नव्हता. उलट चामड्यावर बीजगणित सोडवणाऱ्या पोराइतका चपलेच्या वर जायला लायक उमेदवार अख्ख्या डेव्हनमध्ये नसेल. राग आला की पुरोगामी माणसेही पटकन घराणे काढतात, हे लंडनइतकेच पुण्यातही पाहायला मिळते.

शिवाय हद्दीचे म्हणाल तर हॅझलिटने स्वतः कोणती पाळली? तो आधी चित्रकार होण्यासाठी धडपडला, पॅरिसला जाऊन लूव्हरमधल्या चित्रांच्या नकला केल्या. ते जमेना म्हणून लेखक झाला. मग त्याने तत्त्वज्ञानावर लिहिले, नाटकांवर लिहिले, मुष्टियुद्धाच्या एका सामन्यावर लिहिले आणि शेवटी नेपोलियनचे चार खंडांचे चरित्र लिहिले. त्याचा एक निबंध भारतीय जादूगारांवर आहे. लंडनमध्ये पितळी चेंडू हवेत झेलणाऱ्या भारतीय कलावंताचा खेळ पाहून तो थक्क झाला. त्या कलावंताचा एकही चेंडू खाली पडत नाही आणि आपल्या निबंधांत मात्र किती चेंडू पडतात, असा विचार त्याच्या मनात आला. अर्थात चेंडू खाली न पडू देणारा माणूस आयुष्यभर चेंडूच झेलत राहतो, हेही त्याला दिसत होते. हॅझलिटला सगळ्या जगाविषयी बोलायचे होते, आणि त्यासाठी चार चेंडू पडू द्यायची त्याची तयारी होती.

विसाव्या शतकात या जातीला नोबेल पारितोषिक मिळू लागले. लायनस पॉलिंगला १९५४ मध्ये रसायनशास्त्राचे मिळाले, १९६२ चे शांततेचे मिळाले. दोन्ही एकट्याने, कोणाशी वाटून न घेता. तोवर सगळे ठीक होते. १९७० मध्ये त्याने सर्दीवर पुस्तक काढले आणि क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रा घ्या म्हणजे सर्दी होणार नाही, असे सांगितले. डॉक्टरांनी तपासून पाहिले तेव्हा तसे काही हाती लागेना. पण दोन नोबेलवाला सांगतो म्हटल्यावर डॉक्टरांचे कोण ऐकतो? औषधाच्या दुकानांत गोळ्यांच्या बाटल्यांसाठी रांगा लागल्या. सर्दीला दोन्ही नोबेलांची वार्ता नव्हती. ती आपल्या वेळेला आली आणि आपल्या वेळेला गेली.

कॅरी मलिसची तऱ्हा याहून वरची. डीएनएच्या एका कणापासून कोट्यवधी प्रती करण्याची पीसीआर पद्धत त्याने शोधली. करोनाच्या दिवसांत नाकात काडी घालून घेताना जी तीन अक्षरे सगळ्यांना पाठ झाली, तीच ही. १९९३ चे नोबेल त्याला त्याबद्दल मिळाले. त्यानंतर एड्स हा एचआयव्हीमुळे होतो हेच त्याने नाकारले आणि फलज्योतिषाची बाजू घेतली. १९९८ च्या आत्मकथनात तर रात्री रानातल्या आपल्या घरापाशी भेटलेल्या एका चमकणाऱ्या रॅकूनची हकिगत आहे. तो प्राणी त्याच्याशी अदबीने बोलला, असे मलिस लिहितो. कुत्र्याएवढ्या त्या जनावराचे बोलणे त्याने जसेच्या तसे छापले. एड्सविषयी डॉक्टरांचे बोलणे मात्र त्याला शेवटपर्यंत पटले नाही. हॅझलिटचा शब्द खऱ्या अर्थाने शोभायचा तर तो इथे. मोच्याला शिक्षा करायला चित्रामागे ॲपेलीज तरी होता. नोबेल मिळालेल्या माणसासमोर रंग खलणारी पोरे हसत नाहीत, ती टिपणे काढतात.

मोच्याची बाजू घेणारा एक वकील मात्र १८६७ मध्ये उभा राहिला. कार्ल मार्क्सने 'भांडवल'च्या पहिल्या खंडात ही लॅटिन म्हण घेतली आणि निकालात काढली. वाफेचे यंत्र आणले ते घड्याळांची हत्यारे हाताळणाऱ्या जेम्स वॉटने. सूत काढण्याचे यंत्र आणले ते न्हावीकाम करणाऱ्या आर्कराइटने. आगबोट आणली ती जवाहिऱ्याकडे काम केलेल्या फुल्टनने. तेव्हा ज्याने त्याने आपल्या कलबुताशी बसावे हा हस्तव्यवसायाच्या काळातला शहाणपणा आता वेडेपणा झाला आहे, असे त्याचे म्हणणे. मार्क्सला आणखी एक दाखला हवा असता तर तो मराठीच्या दारातच उभा होता.

विल्यम कॅरी १७६१ मध्ये नॉर्दम्प्टनशरमधल्या एका खेड्यात जन्मला. चौदाव्या वर्षी तो मोच्याकडे उमेदवारीला लागला. आरी आणि रापी चालवता चालवता त्याने लॅटिन, ग्रीक आणि हिब्रू या भाषा शिकून घेतल्या. कारखान्याच्या भिंतीवर कागद जोडून केलेला जगाचा मोठा नकाशा टांगलेला असे. १७९३ मध्ये तो धर्मप्रसारासाठी बंगालात आला. पुढे सेरामपूरला छापखाना निघाला आणि कोलकात्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात कंपनीच्या तरुण अधिकाऱ्यांना बंगाली, संस्कृत आणि मराठी शिकवण्याचे काम त्याच्याकडे आले. मराठ्यांशी दुसरे युद्ध चालू होते. जिंकलेल्या मुलखाचा वसूल कोणत्या भाषेत मागायचा, हा कंपनीपुढचा प्रश्न होता. १८०५ मध्ये कॅरीचे मराठी व्याकरण छापून आले आणि १८१० मध्ये मराठी-इंग्रजी कोश आला. कोशातला मराठी मजकूर चक्क मोडीत छापलेला आहे. मदतीला कॉलेजातले मराठीचे पंडित वैजनाथ होते. सेरामपूरच्या छापखान्याचे खिळे पाडण्याचे काम सुरुवातीला केले ते पंचानन कर्मकार याने, आणि कर्मकार म्हणजे लोहार. मोच्याने व्याकरण लिहिले, लोहाराने अक्षरे घडवली. ते पुणे-साताऱ्यात न होता हुगळीकाठी झाले. सदाशिव पेठेला विचारले असते तर तिथून एकमुखाने नकार आला असता.

लंडनहून तर तो आलाच. 'एडिनबरा रिव्ह्यू'त लिहिणारा सिडनी स्मिथ हा त्या काळचा सर्वांत हजरजबाबी लेखक, आणि पेशाने पाद्री. भारतात गेलेल्या या मंडळींना त्याने दीक्षा घेतलेले मोची अशा अर्थाची शेलकी विशेषणे लावली. एडिनबराचा पक्ष क्वार्टर्लीच्या नेमका विरुद्ध. राजकारणात एकमेकांचे तोंड न पाहणारी ही दोन नियतकालिके मोच्याच्या बाबतीतही वेगवेगळ्या ओसरीत बसली, आणि क्वार्टर्लीने या मोच्यांची बाजू घेतली. कॅरीने अशा टोमण्यांना काय उत्तर दिले? त्याच्या चरित्रात एक प्रसंग सांगतात. गव्हर्नर जनरलच्या मेजवानीत एका लष्करी अधिकाऱ्याने मुद्दाम ऐकू जाईल अशा आवाजात शेजाऱ्याला विचारले, की हे कॅरी पूर्वी जोडे तयार करत ना? कॅरी मधेच म्हणाला, छे, तयार कुठचे करतो, मी नुसते फाटलेले शिवून देत असे.

त्याला वनस्पतींचाही नाद होता. विल्यम रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञाने एका झाडाला त्याचे नाव दिले, 'करेया आर्बोरिया'. सह्याद्रीत हिंडणाऱ्यांना ते कुंभा म्हणून माहीत आहे. झाडाचे लॅटिन नाव ऐकून करवंदे विकणाऱ्या बाईने ते ओळखणे शक्य नाही. तिला ते झाड माहीत आहे, इतकेच.

कॅरीच्या पाठोपाठ मराठीवर चाल करून आले ते शिपाई. आजही ज्याच्यावाचून जुन्या मराठीचे पान हलत नाही, तो १८३१ चा मोठा कोश जेम्स मोल्सवर्थ या लष्करी अधिकाऱ्याने केला. सोबत जॉर्ज आणि थॉमस हे कँडी बंधू, तेही लष्करातलेच, आणि शब्द गोळा करणारी शास्त्र्यांची एक फौज. मोल्सवर्थला लढाईविषयी काय कळत होते याची आज कोणाला पर्वा नाही. 'घुटमळणे' आणि 'रेंगाळणे' यांत फरक काय, हे मात्र त्याला विचारावे लागते. पुढे थॉमस कँडी मेजर झाला, पुण्याच्या कॉलेजाचा प्रमुख झाला आणि सरकारी शाळांची मराठी पुस्तके त्याच्या नजरेखालून जाऊ लागली. १८५० मध्ये त्याने विरामचिन्हांची परिभाषा नावाचे पुस्तक काढले. तोवर मराठी वाक्य एकदा सुरू झाले की लिहिणाऱ्याचा दम संपेपर्यंत चाले. कुठे थांबायचे, किती थांबायचे आणि प्रश्न कोणत्या खुणेने विचारायचा, हे एका इंग्रज शिपायाने पुण्याच्या शास्त्रीमंडळींना शिकवले, आणि ते त्यांनी ऐकून घेतले. अर्धविराम नेमका कुठे द्यायचा यावर मुद्रितशोधक आणि लेखक यांच्यात आजही जी हमरीतुमरी होते, तिची सगळी जबाबदारी मेजरसाहेबांची आहे.